शपथ आणि गरिबी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषण करण्याची मला सवय नाही. चुकले तर पदरात घ्यावे.

गेल्या वर्षी लेकीकडे पनवेलला गेले असता आम्ही अलिबागला गेलो. तेथे यहुदी लोकांचे प्रार्थनामंदिर आहे. हे बेने इस्राएल लोक पूर्वी कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. बोली मराठीच. तिथल्या एका आजीबाईंनी आम्हांला घरात बोलावले. नवस फिटला म्हणून त्यांच्याकडे मलिदा होता. पोहे, गूळ, खोबरे आणि फळे. आपल्यासारखाच नवस पाहून मला नवल वाटले.

मी म्हटले, "आजी, घेतलेली शपथ मोडता येते का हो?"

विचारण्याचे कारण होते. मिहानसाठी आमची शेती गेली. २०१० साली मोबदल्याच्या वाटणीवरून जावेशी भांडण झाले. तुळशीवर हात ठेवून मी म्हटले, हिच्या घरचे पाणी पिणार नाही. पुढे दिराचे पैसे संपले, तो खाटेला खिळला. जाऊ धुणीभांडी करू लागली. दीर गेला त्या दिवशी मी अंगणातच उभी राहिले. शपथ आड आली.

आजी म्हणाल्या, आमच्या तालमूद ग्रंथात शपथांवर 'नेदारीम' नावाचा एक भागच आहे. कोणी एखाद्याचे तोंड न पाहण्याची शपथ घेतली, तर जाणता त्याला विचारतो, उद्या तो गरीब झाला आणि तुला त्याला मदत करता आली नाही तर? हे आधी सुचले असते तर शपथ घेतली नसती, असे तो म्हणाला की शपथ सुटते. जाणता नसेल तर तीन माणसांपुढे सोडवतात.

त्यांनी रब्बी इश्माएलची गोष्टही सांगितली. एकाने बहिणीच्या मुलीशी लग्न न करण्याची शपथ घेतली होती. रब्बींनी मुलीला घरी आणून चांगली नटवली. तो म्हणाला, हिच्यासाठी मी शपथ घेतली नव्हती. रब्बींनी त्याला मोकळे केले आणि ते रडले. मुली सुंदरच असतात, गरिबी त्यांचे रूप नेते, असे ते म्हणाले. ते वारले तेव्हा बायका त्यांच्यासाठी रडल्या.

मात्र गरिबाला कबूल केलेले दान लगेच द्यावे, अशी त्यांची शिकवण आहे. कारण गरीब समोरच उभा असतो.

परत आल्यावर अध्यक्षीणबाई आणि आपल्यातल्या दोघी, अशा तिघींपुढे मी बोलले आणि जावेकडे गेले. तिने न बोलता चहा ठेवला. मी प्याले. पण दिराची भेट राहिली ती राहिलीच.

भगिनींनो, रागात तुळशीवर हात ठेवण्यापूर्वी एवढेच मनाला विचारा, उद्या तिला माझी गरज पडली तर?