शाळेची वाट आणि सायकलस्वार विद्यार्थी



प्राथमिक शाळेतील अखेरची इयत्ता उत्तीर्ण झालेले मूल पुढील शिक्षणासाठी पुष्कळदा शेजारच्या मोठ्या गावी जाते. अंतर चार-पाच किलोमीटरांचे असते. एस.टी.ची वेळ शाळेच्या वेळेशी जुळतेच असे नाही. म्हणून घरात सायकल येते. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून इयत्ता आठवी ते बारावीच्या गरजू विद्यार्थिनींना सायकलीसाठी साहाय्य मिळते, आणि ज्या मुलीचे शिक्षण केवळ अंतरामुळे थांबले असते, तिच्यासाठी ही सायकल म्हणजे शाळेचे उघडे दारच होय. परंतु सायकल मिळाली म्हणजे रस्ता मिळाला, असे नव्हे. त्याच रस्त्याने हंगामात उसाच्या जोड-ट्रॉल्या जातात, वाळूचे डंपर धावतात. डांबराची कड तुटलेली असते, आणि मागून भोंगा वाजला की मुलीला खडीत उतरावे लागते. तिला सायकल चालवता येते, नियमही पाठ असतात. उणीव असते ती रस्त्यात.

ही उणीव भरून निघू शकते काय, याचे उत्तर हॉलंडच्या इतिहासात मिळते. तो देश सायकलींचा म्हणून प्रसिद्ध आहे. जमीन सपाट आणि लोकांना सवय, म्हणून तेथे सायकल टिकली, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा होय. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तेथे सायकल घरोघरी होती, हे खरे. परंतु १९५० नंतर सुबत्ता आली, मोटारी वाढल्या, शहरांतील जुन्या इमारती पाडून रुंद रस्ते काढले गेले आणि सायकलस्वार मागे हटू लागला. जमीन तेव्हाही सपाटच होती! १९७१ या एका वर्षात त्या देशात रस्त्यावरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती.

त्या मुलांपैकी एक फिक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची कन्या होती. १९७२ साली त्याने आपल्या वृत्तपत्रात जो लेख लिहिला, त्याचे शीर्षक ‘बालहत्या थांबवा’ असे होते. अपघात हा दैवाचा खेळ नसून, मुलांचा विचार न करता बांधलेल्या रस्त्यांचा तो परिणाम आहे, ही गोष्ट त्या शब्दांनी समाजापुढे उभी केली. त्याच नावाची संघटना स्थापन झाली. मार्त्ये फान पुटेन ही तरुण माता तिची पहिली अध्यक्षा झाली. पुढे त्या युरोपीय संसदेच्या सदस्य झाल्या. याच सुमारास, १९७२ मध्ये, अ‍ॅम्स्टरडॅममधील डी पैप या दाट वस्तीच्या भागातील शाळकरी मुलांनी आपल्या गल्लीतून मोटारी हटवाव्यात म्हणून घरोघर सह्या गोळा केल्या आणि ती गल्ली काही काळ खेळासाठी मोकळी केली. त्यांचा हा प्रयत्न चित्रपटरूपाने दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाने पाहिला.

१९७३ च्या तेलटंचाईत तेथील शासनाने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या, तेव्हा मोकळा रस्ता कसा असतो हे लोकांना पुन्हा उमगले. १९७५ नंतर टिलबुर्ग व द हेग येथे शासनाच्या खर्चाने नमुन्याचे सायकलमार्ग झाले. पुढे डेल्फ्ट शहरात साऱ्या वस्त्यांना जोडणारे जाळे विणले गेले; कारण एखादा सुटा मार्ग पुरत नाही, घरापासून शाळेपर्यंतची वाट अखंड हवी, हा धडा अनुभवाने मिळाला होता. आज त्या देशात ३५,००० किलोमीटरांहून अधिक सायकलमार्ग आहेत, आणि रस्त्यावर दगावणाऱ्या मुलांची संख्या वर्षाला पन्नासाच्याही आत आली आहे.

या इतिहासाचे तात्पर्य असे की, सुरक्षित रस्ता आपोआप मिळाला नाही. तो मागावा लागला. तथापि, रस्ता मागताना मुलांना शिकविण्याचे काम तेथे सुटलेले नाही. प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गातील मुलांची वाहतुकीची परीक्षा तेथे होते. तिचा एक भाग लेखी असतो, तर दुसऱ्या भागात मुलांना प्रत्यक्ष रस्त्यावर सायकल चालवून दाखवावी लागते.

हे दुहेरी काम खेड्यातील शिक्षकालाही साधण्यासारखे आहे. पहिला भाग वर्गातला. डावी कड न सोडणे, वळण्यापूर्वी मागे पाहून हात दाखविणे, ब्रेक व घंटी तपासणे, मागील मडगार्डावर लाल परावर्तक लावणे, हे आवारात करवून घेता येते. वेगाचा विषय गणिताच्या तासालाही घेता येईल. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. ताशी ३० वेगाचे त्याच्या निम्मे. ब्रेक दाबल्यावर थांबण्यास लागणारे अंतर मात्र वेग दुप्पट झाला की चौपट होते. हे गणित ज्या मुलाने सोडविले, ते भरधाव वाहनापुढून सायकल घालण्यास धजणार नाही. आणि शाळेजवळ वाहनांचा वेग का उतरला पाहिजे, हेही त्याला कोणी सांगावे लागणार नाही.

दुसरा भाग वर्गाबाहेरचा. मुलांकडून शाळेच्या वाटेचा नकाशा काढवून घ्यावा. तुटलेली कड, झुडपांनी झाकलेले वळण, कठडा नसलेला पूल, अशा जागांवर त्यांनीच खुणा कराव्यात. शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी किती सायकली आणि किती जड वाहने जातात, याची मोजदाद वरच्या वर्गाने शिक्षकांच्या देखरेखीखाली शाळेच्या कुंपणाआतूनच करावी. मग तो नकाशा व ते आकडे मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीपुढे आणि तेथून ग्रामसभेपुढे ठेवावेत. रस्ता कोणाचा, हे आधी पाहून घ्यावे. ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात; प्रमुख जिल्हा मार्ग व राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. चुकीच्या दारी गेलेला अर्ज केवळ फिरत राहतो. मागणीही नेमकी असावी : अमुक वळणावरील झुडपे तोडावीत, अमुक ठिकाणी गतिरोधक व फलक व्हावा, अमुक अंतरापर्यंत साइडपट्टी मुरूम घालून दाबून घ्यावी.

“रस्त्याचे काम शिक्षकाचे नव्हे,” असा आक्षेप कोणी घेईल. त्यात तथ्य आहे. शिक्षकावर आधीच पुष्कळ कामांचा भार आहे. परंतु पट हा शिक्षकाच्या हाती असतो, आणि कोणते मूल कोणत्या वाटेने येते हे गावात त्याच्याइतके कोणासही ठाऊक नसते. अर्जावर सही ग्रामसभेची असो, खर्च शासनाचा असो. त्या अर्जातील माहिती मात्र शाळेतूनच जावी लागेल. सातवीचा दाखला हाती देऊन ज्या मुलीला शिक्षक पुढच्या शाळेत धाडतो, तिला तो त्या रस्त्यावरही धाडीत असतो. तो रस्ता तिच्यासाठी निर्वेध व्हावा, एवढी मागणी त्या दाखल्याबरोबरच गेली पाहिजे.