पलटणीचा मुक्काम जपानात



सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या बाजूला असे गाव विरळाच, की जिथून कोणी फौजेत गेलेला नाही. फौजेतल्या माणसाच्या ज्या गोष्टी आपण ऐकतो त्या बहुधा लढाईच्या असतात. पण लढाई वर्षातले किती दिवस चालते? उरलेले सगळे दिवस शिपाई कुठे ना कुठे मुक्कामाला असतो. तिथे तो पहारा करतो, कपडे धुतो, घरच्या पत्राची वाट पाहतो आणि रजा मिळाली की मुलूख पाहायला निघतो. परमुलखातला असा मुक्काम कसा असतो, याविषयी आज बोलायचे आहे. त्यासाठी जपानचे उदाहरण घेऊ, कारण तिथे आपली मराठी पलटण राहून आलेली आहे.

पुष्कळांना हे ठाऊक नसते, म्हणून आधी थोडा इतिहास सांगतो. २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानने शरणागतीवर सह्या केल्या आणि दुसरे महायुद्ध संपले. जपानवर देखरेख ठेवायला मुख्य सैन्य अमेरिकेचे होते. त्याच्या जोडीला १९४६ च्या आरंभापासून ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान यांचे मिळून एक सैन्य उतरले. भर होता तेव्हा ते सुमारे ४०,००० माणसांचे होते. त्यातल्या भारतीय ब्रिगेडमध्ये पंजाबी पलटण होती, गुरखा पलटण होती आणि आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचीही पलटण होती. ब्रिगेडचे प्रमुख झाले ब्रिगेडियर थिमय्या. हेच पुढे १९५७ साली स्वतंत्र भारताचे लष्करप्रमुख झाले. भारतीय हवाई दलाचे चार नंबरचे स्क्वॉड्रनही आपली स्पिटफायर विमाने घेऊन तिथल्या मिहो विमानतळावर होते.

या ब्रिगेडच्या वाट्याला आला जपानचा पश्चिम किनारा, म्हणजे शिमाने आणि तोत्तोरी हे प्रांत. तिथले मुख्य गाव मात्सुए. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये भातखाचरे आणि पाऊस मुबलक. त्या बाजूला एक म्हण आहे, जेवणाचा डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस! आता सांगा, कोकणातल्या माणसाला असा मुलूख परका वाटेल का? फरक एवढाच, की हिवाळ्यात तिथे पावसाच्या जागी बर्फ पडते.

आता क्षणभर असे समजा, की तुम्हीच त्या पलटणीत आहात. कुरे बंदरात तुमचे जहाज लागले आहे. एकेकाळी हा जपानी आरमाराचा मोठा तळ होता. बाँबफेकीनंतर त्याचे काय झाले ते तुम्ही डेकवरून पाहता. वाकलेले लोखंड, अर्धी बुडालेली जहाजे. तिथून आगगाडीने डोंगर ओलांडून तुम्ही मुक्कामी पोचता.

रोजचे काम काय? तर कवायत, पहारा आणि गस्त. जपानी फौजेची राहिलेली शस्त्रे आणि दारूगोळा शोधून नष्ट करणे. कोरियातून चोरून माणसे आणणारी होडकी किनाऱ्याला लागतात, त्यांच्यावर नजर ठेवणे. अधूनमधून पलटणी आळीपाळीने टोकियोला जात आणि तिथे बादशहाच्या राजवाड्यावरही पहारा देत. म्हणजे काम होते, पण शत्रू नव्हता. गस्तीवर दिसत त्या भाताचे रोप लावणाऱ्या बाया, पाठीवर धाकटे भावंड बांधून शाळेत निघालेल्या मुली आणि फौजेतून परतलेले पुरुष.

त्यांच्याशी वागायचे कसे, याविषयी कडक हुकूम होते. व्यवहार कामापुरता ठेवायचा, जपानी माणसाच्या घरात जायचे नाही, त्याच्या घरगुती जीवनात मिसळायचे नाही. जरा विचार करून पाहा. दाराशी आलेल्याला गुळपाणी देणारे आपण लोक. वर्ष दीड वर्ष एका मुलखात राहायचे, पण कोणाचा उंबरा ओलांडायचा नाही, ही गोष्ट साधी नाही. शिवाय आपल्या शिपायाची एक वेगळीच अडचण होती. हाती बंदूक घेऊन तो दुसऱ्याच्या देशावर पहारा देत होता आणि त्याचा स्वतःचा देश तेव्हा पारतंत्र्यात होता. जिंकलेल्यांच्या रांगेत तो उभा होता खरा, पण हरलेल्या माणसाला मान खाली का घालावी लागते, हे त्याला कोणी शिकवायला नको होते.

दुसरा हुकूम खाण्याचा. जपानातले अन्न शिपायांनी घ्यायचे नाही, आपल्या शिध्यावरच राहायचे. याची कारणे दोन. पहिले कारण, तिथे लोकांनाच पुरेसे खायला नव्हते. दुसरे कारण आपल्या शेतकरी बंधूंना चटकन कळेल. तिथली सगळी भाजी सोनखतावर पिकत असे. घराघरातला मैला लाकडी बादल्यांत भरून कावडीने शेतावर नेत, मुरवत आणि रोपांना घालत. जमीन त्याने कसदार राही, पण कच्च्या भाजीतून जंत पोटात जात. यावर तोड म्हणून अमेरिकन लष्कराने टोकियोजवळ चोफू इथे काय केले असेल? मातीच वगळली! खडीच्या वाफ्यांत खताचे पाणी सोडून भाजी पिकवायला घेतली. शेतकऱ्याचा मुलगा असलेल्या शिपायाला हे दोन्ही प्रकार पाहण्यासारखे होते.

आणि भातशेती! जपानी शेतकऱ्याकडे जमीन किती, तर सरासरी अडीच एकरांच्या आतबाहेर. पण रोप दोरी लावून सरळ ओळीत, दोन ओळींत कोळपे फिरेल एवढे अंतर राखून लावलेले. आपल्याकडे १९५३ पासून ‘जपानी भातशेती’चा प्रचार सुरू झाला, बोरिवलीच्या कोरा केंद्रात तिचे प्रयोग झाले, तीच ही पद्धत. ऑक्टोबर १९४६ मध्ये, आपली पलटण तिथे असतानाच, जपानात जमीनसुधारणेचा कायदा झाला. परगावी राहणाऱ्या जमीनदाराची कुळांकडची सारी जमीन सरकारने विकत घ्यायची आणि कसणाऱ्या कुळाला विकायची, असा तो कायदा होता. मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ सालचा आहे. तेव्हा जपानच्या बांधावर काय घडत होते, ते आपल्या बांधावरही घडायचेच होते.

आता रजेकडे वळू. शिपायाची रजा म्हणजे आगगाडीचा प्रवास. देखरेखीच्या सैन्यासाठी गाड्यांना वेगळे डबे जोडत आणि त्यांवर पांढरा पट्टा ओढलेला असे. त्या डब्यात बसायला ऐसपैस जागा. शेजारच्या डब्यांत मात्र माणसे खिडकीतून आत शिरताहेत, दारांना लोंबकळताहेत. ही कसली गर्दी? ही शहरातली माणसे होती. ती खेड्यात जाऊन घरातली वस्त्रे देत आणि बदल्यात तांदूळ किंवा रताळी आणत. आज एक किमोनो गेला, उद्या दुसरा. या जगण्याला त्यांनी नाव ठेवले होते ‘ताकेनोको’, म्हणजे बांबूचा कोंब. कोंबाचा एकेक पापुद्रा सोलावा, तसे अंगावरचे एकेक वस्त्र विकून जगायचे. पांढऱ्या पट्ट्याच्या डब्यातून ही गर्दी पाहिल्याशिवाय त्या वर्षांतला जपान पाहिला असे म्हणता येणार नाही.

तरी पाहण्यासारखे पुष्कळ होते, आणि मात्सुएहून ते फार दूरही नव्हते. गावातच १६११ साली बांधून झालेला किल्ला आहे. खाली दगडी जोते आणि वर काळ्या फळ्यांचा मजल्यामजल्यांचा लाकडी बुरूज. १८७५ साली सरकारने तो मोडीत काढायचे ठरवले. तेव्हा एका सधन शेतकऱ्याने आणि एका जुन्या सामुराईने पैसे उभे करून तो वाचवला. २०१५ साली त्याच बुरुजाला जपानने राष्ट्रीय ठेवा ठरवले. आपल्या गडकोटांकडे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी अशी आहे.

गावाला लागूनच शिंजी नावाचे मोठे सरोवर आहे. त्याचे पाणी मचूळ आहे. लांब दांड्याची दाताळी तळाशी ओढून कोळी तिथे बारीक शिंपल्या काढतात आणि त्यांचे कढण सकाळच्या जेवणात घेतात. तिसऱ्यांचे कालवण खाऊन वाढलेला आपला कोकणी शिपाई तिथे घटकाभर उभा राहिला नसेल, असे कसे म्हणावे?

जवळच तामात्सुकुरी इथे गरम पाण्याचे झरे आहेत. बाराशे वर्षांहून जुन्या ग्रंथात त्यांची नोंद आढळते. उन्हवऱ्याची किंवा राजापूरची कुंडे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना नवल वाटणार नाही. तिथली रीत मात्र लक्षात घ्या. अंग आधी बाहेर घासून स्वच्छ धुवायचे आणि मगच कुंडात उतरायचे. कुंडातले पाणी सगळ्यांचे आहे, ते आपल्या मळाने खराब करायचे नाही. आपल्या पाणवठ्यांवर एवढा एक नियम पाळला तरी किती काम होईल!

पश्चिमेला गेले की इझुमोचे पुरातन देऊळ लागते. आजची मुख्य इमारत १७४४ सालची आहे. जुन्या पंचांगाच्या दहाव्या महिन्यात साऱ्या जपानचे देव इझुमोला जमतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून इतर ठिकाणी त्या महिन्याला ‘देव नसलेला महिना’ म्हणतात, आणि इझुमोत त्यालाच ‘देव असलेला महिना’ म्हणतात. आषाढीला गावोगावच्या पालख्या पंढरपूरला निघतात, हे पाहत वाढलेल्या माणसाला यात दुभाष्याची गरज पडू नये.

पूर्वेला दाइसेन पर्वत आहे. उंची १,७२९ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून थोडी जास्त. दक्षिणेला डोंगर ओलांडला की ओकायामा. तिथले १७०० साली पुरे झालेले कोराकुएन उद्यान प्रसिद्ध आहे. त्याच्यासमोरचा किल्ला मात्र २९ जून १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळून गेला होता आणि तो १९६६ मध्ये पुन्हा उभारला गेला. आणखी पुढे मियाजिमा बेट. तिथले समुद्रात उभे असलेले लाल लाकडी महाद्वार १८७५ सालचे आहे. त्याचे खांब जमिनीत पुरलेले नाहीत. ते केवळ स्वतःच्या भाराने भरती-ओहोटीत उभे आहे.

आणि मियाजिमाला जाणाऱ्या वाटेवर हिरोशिमा लागते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी एका बाँबने ते शहर गेले. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे मेली. सहलीला निघालेला शिपाई या स्टेशनावरून जाई तेव्हा डब्यात काय बोलणे होत असेल? कदाचित काहीच होत नसेल.

शिक्षक मित्रांना मुद्दाम एक गोष्ट सांगायची आहे. मात्सुएला बाहेरून येऊन राहिलेला सर्वांत प्रसिद्ध माणूस शिपाई नव्हता, मास्तर होता. त्याचे नाव लाफकादियो हर्न. आई ग्रीक, बाप आयरिश. १८९० साली तो मात्सुएच्या शाळेत आणि शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कुलात इंग्रजी शिकवायला आला. राहिला जेमतेम सव्वा वर्ष. पण तिथल्या घरात राहिला, तिथल्या मुलीशी लग्न केले, लोकांच्या गोष्टी ऐकून लिहून ठेवल्या आणि पुढे जपानी नावही घेतले. त्याचे घर आजही किल्ल्याच्या खंदकाशेजारी जपून ठेवले आहे. आपली पलटणही साधारण तेवढाच काळ तिथे होती. पण तिला उंबऱ्याच्या आत जायची मनाई होती. मुक्काम तेवढाच असला तरी घरात घेतलेला माणूस आणि दारावर पहारा ठेवणारा माणूस, यांना एकच गाव सारखे दिसत नाही.

१९४७ साली भारतीय सैन्य जपानातून परत आले. त्याच वर्षी आपला देश स्वतंत्र झाला. गेला तो परक्या सरकारचा शिपाई होता. परतल्यावर तो स्वतंत्र देशाचा झाला. त्या पिढीतली माणसे आता बहुतेक राहिली नाहीत, आणि त्यांनी पाहिलेले पुष्कळसे त्यांच्याबरोबर गेले. आपण त्यांना पदकांविषयी विचारले, लढायांविषयी विचारले. त्या मुलखात भात कसे लावतात, विहिरीला पाणी किती खोल लागते, तिथली मुले शाळेत काय खातात, हे विचारायचे राहून गेले.

पण आजही आपल्या गावचे जवान दूरदूर मुक्कामाला असतात. कोणी लडाखला असेल, कोणी अरुणाचलाला, तर कोणी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून आफ्रिकेत. ते सुट्टीवर आले की त्यांना एक दिवस शाळेत बोलवा. मुलांना नकाशा उघडून बसवा. तिथला शेतकरी काय पेरतो, आई काय रांधते, पाऊस केव्हा येतो, पाहुण्याला काय देतात, एवढेच प्रश्न विचारायला सांगा. उत्तरे वहीत उतरवून घ्या आणि वही शाळेत जपून ठेवा. परमुलखातल्या माणसाच्या घरात काय शिजते हे ज्या मुलाला कळले, त्याला त्या माणसाविषयी वाईट बोलताना दोनदा विचार करावा लागेल.