गाल सुजला, तर थांबू नका
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत दिलेली माहिती)

दाढ सुजली की आपण लवंग धरतो, मिसरी लावतो आणि कामाला लागतो. म्हणून आज बचतीआधी हाच विषय घेते.

चेहऱ्यावरच्या आणि जबड्याच्या जंतुसंसर्गाचं मूळ बहुतेक वेळा किडलेल्या दातात असतं. कीड आतल्या नसेपर्यंत गेली की ठणका लागतो. मग एक दिवस ठणका थांबतो. आपल्याला वाटतं, बरं झालं! पण बऱ्याचदा नस मेलेली असते. जंतू मुळातून हाडात उतरतात, पू धरतो, गाल फुगतो. अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेनंही असं होतं. मिसरीनं ठणका दबेल, कीड थांबत नाही. वर कॅन्सरचा धोका आहेच.

मेडिकलवरून आणलेल्या गोळ्यांनी सूज उतरते आणि परत येते, कारण खराब दात जागेवरच असतो. डॉक्टर पू काढतात, दात काढतात किंवा रूट कॅनाल करतात. गरज असेल तरच अँटिबायोटिक देतात. बाहेरून शेक देऊ नका, बिब्बा-चुना तर नकोच.

तोंड उघडेना, गिळता येईना, ताप आला, डोळा सुजून मिटला, सूज जबड्याखाली किंवा जिभेखाली उतरली, तर सकाळची वाट बघू नका. श्वास कोंडू शकतो. 108 ला फोन करा. संभाजीनगरला घाटी रुग्णालय आहे, त्याच आवारात शासकीय दंत महाविद्यालयही आहे. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. योजनेत बसतं का ते आरोग्यमित्राला विचारा.

शुगर असलेल्या ताईंनी जास्त जपायचं. 2021 मध्ये कोरोनानंतर म्युकरमायकोसिसचे पेशंट घाटीत आले, आठवतं ना? ती बुरशी. शुगर वाढलेल्यांना, स्टेरॉइड घेतलेल्यांना तिनं जास्त गाठलं. राज्यात कित्येकांचा जबडा, कुणाचा डोळा काढावा लागला. साथ ओसरली, पण शुगर वाढलेली असली की साधा दाताचा संसर्गही झपाट्यानं पसरतो.

आता पैशाचं. जोखीम प्रवणता निधी आजारपणासाठीही आहे, पण दाताला कुणी आजार धरत नाही. बाळंतपणाला लगेच देतो, दाढेला "पुढच्या बैठकीत बघू" म्हणतो. मला हे पटत नाही. अशा वेळी पैसे त्याच दिवशी द्यायचे, असा ठराव आज मांडते. अध्यक्षताई, चर्चेला घ्या. आणि ज्यांना शुगर आहे त्यांनी उठायच्या आधी आशाताईंकडे नाव द्या.