संचातला तो एकटा माणूस



माझ्या घरी जुन्या हॉलिवूडपटांच्या डीव्हीडींचा एक संच आहे. त्यात बिली वाइल्डरचा ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९) आहे, ‘द अपार्टमेंट’ (१९६०) आहे. पण पुन्हा पुन्हा बाहेर निघतो तो सिडनी लुमेटचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७).

ज्यूरीतले बारा जण, एक खोली, दीड तास. अठरा वर्षांच्या पोराच्या जिवाचा प्रश्न. अकरा जण ‘दोषी’ म्हणतात. हेन्री फोंडा एवढंच म्हणतो, आधी बोलू तरी या. चित्रपट पुढे सरकतो तशा लुमेट लांब पल्ल्याच्या लेन्स लावत जातो. भिंती जवळ येतात, घुसमट वाढते. बासू चटर्जींचा ‘एक रुका हुआ फैसला’ याच कथेवरचा.

आमच्या सॉफ्टवेअरच्या बैठकीत सगळे ‘चालेल’ म्हणतात, तेव्हा मला तो एकटा माणूस आठवतो. ‘पुन्हा एकदा तपासू या’ म्हणायला धीर लागतो. सर, बाई, आमच्या उलटसुलट प्रश्नांना तुम्ही कधी ‘खाली बस’ म्हणाला नाहीत. माझा धीर तिथला आहे.

संच हवा त्याने खुशाल न्यावा. परत मात्र आणून द्यावा!