डिस्क भरण्याआधीचा निर्णय



 सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या या परिषदेत नव्या तंत्रज्ञानावर पुष्कळ चर्चा होईल. मी आपल्या रोजच्या कामातला एकच प्रश्न मांडणार आहे: लॉगची डिस्क भरली, तर वेब सर्व्हरने काय करावं?

ॲक्सेस लॉगची एक ओळ २०० बाईटची धरा. सेकंदाला १००० विनंत्या येत असतील, तर दिवसाला १७ जीबीहून अधिक नोंदी साचतात. जुने लॉग हटवणारं लॉगरोटेट बंद पडलं किंवा डीबग पातळी चुकून चालू राहिली, की डिस्क भरायला वेळ लागत नाही. घाईने फाइल पुसली तरी जागा सुटत नाही, कारण सर्व्हरने ती उघडी धरलेली असते.

अशा वेळी एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर सेवा थांबवत नाही. डिस्कवर जागा नाही असं कळलं, की त्या सेकंदापुरतं लॉग लिहिणं टाळतो आणि पानं देत राहतो. अपाचेही पानं देत राहतो. दुसऱ्या टोकाला सुरक्षेच्या नोंदी ठेवणारा लिनक्सचा ऑडिटडी आहे. तशी सेटिंग केली असेल, तर डिस्क भरताच तो अख्खं यंत्र बंद करतो. सुरक्षेची नोंद लिहिता आली नाही तर यंत्र बंद करण्याचं धोरण विंडोजमध्येही निवडता येतं. कॉमन क्रायटेरिया या आंतरराष्ट्रीय मानकाने तीन वाटा सांगितल्या आहेत: नव्या नोंदी सोडून द्या, नोंद लागणारी कामंच रोखा, किंवा जुन्या नोंदींवर नव्या लिहा.

यातली कोणतीही एक वाट सरसकट धरली, तर निर्णय हल्लेखोराच्या हाती जातो. तो विनंत्यांचा भडिमार करून डिस्क मुद्दाम भरू शकतो. नोंदी सोडून देणारा सर्व्हर त्याला पुढची चोरी निर्धास्तपणे करू देतो. जुन्यावर लिहिणारा सर्व्हर त्याच्या पाऊलखुणा पुसून देतो. आणि सगळंच थांबवणारा सर्व्हर साइट पाडण्याची सोपी युक्ती त्याला आयती देतो.

म्हणून नोंदींची प्रतवारी करा, असा माझा आग्रह आहे. चित्र किंवा स्टाइलशीट मागितल्याची नोंद बुडाली तरी चालेल. पान मात्र मिळालं पाहिजे. पैसे वळते करणं, पासवर्ड बदलणं, कुणाला ॲडमिनचे अधिकार देणं, ही कामं नोंद झाल्याशिवाय होताच कामा नयेत. तिथे सर्व्हरने स्पष्ट ५०३, म्हणजे ‘सेवा उपलब्ध नाही’ असा संदेश द्यावा. रुग्णालयात पुन्हा वेगळा विचार हवा. अत्यवस्थ रुग्णाची माहिती डॉक्टरांना मिळालीच पाहिजे. ती पाहिल्याची नोंद दुसऱ्या यंत्रावर जाण्याची सोय आधीच केलेली असावी. कोणती नोंद किती महत्त्वाची, हे ठरवणं एकट्या ॲडमिनचं काम नाही. सेवेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांनी ते ठरवून लेखी द्यावं.

नोंद सोडावीच लागली, तर ती गुपचूप सोडू नये. लॉगमधला खंड आणि गिऱ्हाईक न आलेली रात्र नंतर पाहणाऱ्याला सारखीच दिसतात. जागा मिळताच पहिली ओळ हीच असावी: कधीपासून कधीपर्यंत, किती नोंदी गेल्या. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार आपल्याला १८० दिवसांचे लॉग सुरक्षित ठेवावे लागतात. तपास करणारा माणूस त्या लॉगमधल्या ओळींवर विसंबणार असतो, आणि कधी कधी एखाद्या निरपराध कर्मचाऱ्याची अब्रूही त्यांच्यावरच अवलंबून असते.

बाकीची तयारी तुम्हाला ठाऊक आहे: लॉगसाठी वेगळं पार्टिशन, डिस्क भरण्याआधी दोन टप्प्यांवर इशारा, महत्त्वाच्या नोंदींची लगोलग दुसरीकडे प्रत. मात्र कागदावरच्या तयारीवर विश्वास ठेवू नका.

या परिषदेकडून माझं एक मागणं आहे. परत गेल्यावर चाचणीच्या सर्व्हरची डिस्क मुद्दाम भरा. सर्व्हर काय देतो, काय नाकारतो आणि किती वेळात तुम्हाला कळवतो, हे लिहून काढा. तो कागद सेवेच्या प्रमुखांसमोर ठेवा आणि विचारा, तुम्हाला हेच हवं होतं का? उत्तर नाही असं आलं, तर दुसऱ्या दिवशी सेटिंग बदला.