यमूला वाचवायला हवे होते काय?



वैशाखाच्या उकाड्यात दिवसभराचा कामधंदा आटोपून आपण मंडळी व्याख्यानाला येता, आणि आम्ही मात्र आपल्यापुढे एक रडका विषय घेऊन उभे राहतो, याबद्दल आरंभीच क्षमा मागतो.

झाले असे, की आमच्या घरातील एका मुलीने व्हेरॉनिका रॉथ या अमेरिकन लेखिकेची ‘डायव्हर्जंट’ ही तीन पुस्तकांची मालिका वाचून संपवली. २०११ ते २०१३ या वर्षांत ती प्रसिद्ध झाली. पुढच्या काळातले मोडकळीस आलेले शिकागो शहर, माणसांची पाच गटांत केलेली वाटणी, आणि त्या वाटणीत न मावणारी एक मुलगी, असा तिचा विषय. तिसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस ही नायिका मरते. आमची वाचक दोन दिवस फुरंगटून बसली. “तीन पुस्तकं मी तिच्यासोबत चालले, अन् शेवटी हे?” असा तिचा सवाल. समजूत घालायला आम्ही गेलो खरे. पण बोलता बोलता आमचेच एक जुने दुखणे वर आले.

ते दुखणे म्हणजे हरिभाऊ आपट्यांची यमू. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येत होती. त्या वाचकांना यमू एका बैठकीत भेटली नाही. आठवड्या-आठवड्याने, तीन वर्षे ती त्यांच्या घरी येत राहिली. ती स्वतःच आपली हकीकत सांगते. लहानपण, लग्न, लिहायवाचायला शिकवणारा रघुनाथरावांसारखा नवरा, मुंबईतला तो चार दिवसांचा मोकळा संसार. मग रघुनाथराव जातात, यमू पुण्याला परत येते आणि तिच्या इच्छेविरुद्ध घरचीच माणसे तिचे केशवपन करवतात. पुढे ती फार जगत नाही. रॉथबाईंना क्रूर व्यवस्था कल्पनेने उभारावी लागली. हरिभाऊंना तशी गरज पडली नाही. त्यांनी शेजारच्या वाड्याचे दार उघडले, एवढेच.

आम्ही ही कादंबरी प्रथम वाचली तेव्हा रडलो. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा मात्र रागावलो, आणि तो राग हरिभाऊंवर होता. कारण मधल्या काळात सनावळ्या आमच्या ध्यानात आल्या होत्या. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ साली मुंबईत निघाले आणि पुढल्याच वर्षी पुण्यात आले. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिक मंडळींनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे ठरवले. आणि १८९३ च्या मार्चात, म्हणजे जे वर्ष यमूच्या कथेच्या समाप्तीचे तेच, धोंडो केशव कर्वे यांनी शारदासदनात शिकलेल्या, बालपणीच विधवा झालेल्या गोदूबाईंशी पुण्यात लग्न केले. मुरुडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. पण गोदूबाई जगल्या, आनंदीबाई कर्वे झाल्या, म्हातारपणी ‘माझे पुराण’ लिहून गेल्या. मग हरिभाऊ, यमूलाच तेवढी वाट का सापडू नये? त्याच शहरात तर होती!

आमच्या वऱ्हाडातल्या एका आजीबाईंना आम्ही ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्या इतकेच म्हणाल्या, “तिचा पाट लावून द्याचा होता ना!” कुणब्यांत पाटाची चाल जुनीच. ज्या घरांत ती होती, तिथे वस्तऱ्याची ही दहशत पोचलीच नाही. शहाण्यासुरत्यांच्या पुण्याला जे सुचले नाही ते आजीबाईंना एका दमात सुचले, हे ऐकून आम्हांला हसू आले आणि लाजही वाटली.

तरी रागाची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. समजा, यमू शारदासदनात गेली असती, शिकली असती, तिचे लग्न झाले असते. आम्ही पुस्तक मिटून सुखाने झोपलो असतो. गोदूबाई एक होत्या. वाट न सापडलेल्या यमू घरोघर होत्या आणि त्यांतल्या फार थोड्यांनी आपले पुराण लिहिले. यमू वाचली असती, तर त्या साऱ्याही वाचल्याच असाव्यात, असे आम्ही सोयीने धरून चाललो असतो. हे पटते. पण पटते म्हणून राग जातो, असे मात्र नाही.

केशवपन गेले. पण मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीला ठराव करावा लागला, की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचे नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही हेरवाडचा कित्ता गिरवण्यास सांगितले. आपल्या या भागात शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर मागे राहिलेली बाई कोणी पाहिली नाही? हळदीकुंकवाच्या दिवशी ती कुठे बसते, हेही आपण जाणतो.

त्या मुलीला शेवटी आम्ही काही समजावले नाही. हरिभाऊंची कादंबरी तिच्या हाती दिली आणि शेवट आधीच सांगून टाकला. ती म्हणाली, “मग वाचू कशाला?” आणि वाचायला बसली. परवा पाहिले, तर यमू अजून मुंबईतच होती, आणि पोरगी पाने फार सावकाश उलटत होती.