शोधनिबंधाचा साचा आणि लेखनाची सचोटी



साहित्य संस्थेच्या व्यासपीठावर ‘अभियांत्रिकी परिषदेचा पेपर कसा तयार करावा’ हा विषय पाहून, निमंत्रणपत्रिका चुकून दुसऱ्याच सभागृहाची आली की काय, असे काहींना वाटले असेल. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात एखादा मुलगा, सून किंवा नात अभियंता आहे. रात्री अकरा वाजता ती लॅपटॉपसमोर वैतागून बसलेली असते. विचारले तर कळते की सहा महिन्यांचे काम पूर्ण झाले आहे, निष्कर्षही चांगले आले आहेत, पण पेपर परत आला आहे, कारण तो ‘टेम्प्लेटनुसार नाही’. आपण सहज म्हणून जातो, ‘काम चांगलं आहे ना? मग समास अर्धा इंच इकडे-तिकडे झाला तर काय बिघडलं?’

काय बिघडते, तेच आज सांगायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: पेपराचा साचा वाचकासाठी असतो. लेखकाने काय केले हे वाचकाला लवकर सापडावे आणि ते तपासता यावे, यासाठी तो बनलेला आहे. म्हणून साचा पाळणे हा लेखकाच्या सचोटीचा भाग ठरतो.

बडोद्यात हा विषय परका वाटायचे कारण नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली येथे कलाभवन सुरू केले. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर. कारागिरीचे आणि यंत्रविद्येचे शिक्षण लोकांना त्यांच्या भाषेतून मिळावे, हा त्यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. पुढे त्यातूनच आजच्या विद्यापीठाची तंत्रविज्ञान व अभियांत्रिकी शाखा उभी राहिली. हाताने केलेले काम शब्दांत नीट मांडता आले पाहिजे, हा विचार या गावात जुना आहे.

आता परिषदेचा पेपर म्हणजे काय, ते पाहू. परिषद जाहीर होते, विषय ठरतात, अंतिम तारीख दिली जाते. लेखक साधारण सहा पानांचा पेपर पाठवतो. दोन-तीन परीक्षक तो वाचतात, शेरे देतात, दुरुस्त्या सुचवतात. स्वीकारला गेला तर अंतिम प्रत मागवतात. तिला आजही ‘कॅमेरा रेडी’ प्रत म्हणतात. पूर्वी लेखकाने टंकलिखित करून पाठवलेल्या पानांचे थेट छायाचित्र घेऊन त्यावरून छपाई होत असे. कॅमेरा गेला, नाव उरले. पण त्या नावात एक सूचना आहे. तुमच्यानंतर मुद्रितशोधक बसलेला नाही. तुम्ही पाठवाल तेच छापले जाईल.

अभियांत्रिकीत सर्वाधिक वापरला जाणारा साचा आय-ट्रिपल-ई या संस्थेचा. अमेरिकेतल्या दोन जुन्या संस्था १९६३ साली एकत्र येऊन ती झाली. त्यांतली एक १८८४ची. तिच्या परिषदेच्या साच्यात शीर्षक २४ पॉइंटचे, मजकूर १० पॉइंटचा, पान दोन स्तंभांचे. दोन स्तंभ कशासाठी? बारीक अक्षराची ओळ पानभर लांब गेली, तर पुढच्या ओळीचा आरंभ शोधताना डोळा चुकतो. वर्तमानपत्राने हे केव्हाच ओळखले होते. दिवसभरात दहा पेपर वाचणाऱ्या परीक्षकाच्या डोळ्यांची ती सोय आहे. समास कमी करून, ओळींतले अंतर आवळून सातव्या पानाचा मजकूर सहाव्यात कोंबणारा लेखक ती सोय काढून घेतो, आणि परीक्षकाला ते पहिल्या दृष्टिक्षेपात कळते.

शीर्षकानंतर सारांश. तो साधारण १५० ते २५० शब्दांचा, एकाच परिच्छेदात. त्यात प्रश्न कोणता, तो सोडवण्यासाठी काय केले आणि उत्तर काय आले, ही तीन उत्तरे हवीत; उत्तर आकड्यात सांगता येत असेल तर आकड्यात. आपल्याकडे सारांशाची सुरुवात ‘आजच्या वेगवान युगात’ अशी करायची खोड आहे. पंगतीत पान मांडून तासभर वाढपीच येऊ नये, तसे त्या वाक्याने होते. सारांशात संदर्भक्रमांक देत नाहीत, समीकरणेही टाळतात, कारण तो पेपरापासून सुटा होऊन सूचीत जातो आणि तिथे त्याला एकट्याने उभे राहायचे असते.

मग आकृत्या आणि तक्ते. तक्त्याचे शीर्षक वर, आकृतीचे खाली. तक्ता वरून खाली वाचला जातो, म्हणून तो कशाचा आहे हे आधी कळायला हवे. आकृती आधी नजरेत भरते आणि स्पष्टीकरण मग शोधले जाते. आकृतीची रुंदी एका स्तंभात सुमारे ९ सेंटीमीटर उरते. पडद्यावर भरघोस दिसणारा आलेख तिथे आला की त्यावरची अक्षरे मुंगीएवढी होतात. म्हणून आलेख काढतानाच तो ९ सेंटीमीटरचा धरून काढावा. रेषांना नुसते वेगळे रंग देऊ नयेत. एक अखंड, एक तुटक, एक ठिपक्यांची काढावी. कोणी काळ्या-पांढऱ्यात छापून वाचतो, कोणाला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही.

आतापर्यंतचे नियम सोयीचे वाटतील. पुढचे दोन जिवाशी खेळणारे आहेत.

पहिला, एककांचा. प्रत्येक राशीपुढे एकक लिहा, एकच पद्धत धरा, अक्षांवर राशीचे नाव आणि एकक दोन्ही द्या. ‘हे कोणाला माहीत नाही?’ असे वाटेल. मंगळाच्या अभ्यासासाठी अमेरिकेने पाठवलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचले आणि हरवले. एका गटाची संगणकप्रणाली आवेगाचे आकडे ‘पौंड-सेकंद’ या इंग्रजी एककात देत होती. दुसऱ्या गटाने ते ‘न्यूटन-सेकंद’ समजून वापरले. फरक सुमारे ४.४५ पटींचा. आकडे दोन्हीकडे बरोबर होते. त्यांच्या पुढचा शब्द हरवला होता. एका शब्दाने अर्थाचा अनर्थ होतो, हे साहित्याच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

दुसरा, आलेखात काय दाखवायचे याचा. २७ जानेवारी १९८६च्या संध्याकाळी ‘चॅलेंजर’ यानाच्या उड्डाणावर चर्चा चालली होती. थंडी कडाक्याची पडणार होती. बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांना भीती होती की थंडीत सांध्यांतल्या रबरी कड्या नीट बसणार नाहीत, आणि उड्डाण करू नये असे त्यांनी सांगितलेही. त्यांनी घाईने तक्ते तयार करून पाठवले. पण तापमानाचा विचार करताना समोर ठेवली गेली ती कड्यांना इजा झालेली उड्डाणे. ती थोडी गरम दिवसांतही होती आणि थंड दिवसांतही. त्यावरून काहीच ठरेना. इजा न झालेली उड्डाणे त्या चित्रात नव्हती. पुढे चौकशी आयोगाने सगळी उड्डाणे एकाच आलेखात मांडली, तेव्हा गोष्ट उघड झाली. सांध्याचे तापमान सुमारे १९ अंश सेल्सिअस किंवा जास्त असताना झालेल्या २० उड्डाणांपैकी फक्त ३ मध्ये इजेच्या खुणा होत्या. सुमारे १७ अंश किंवा कमी असताना झालेल्या ४ उड्डाणांपैकी चारांमध्ये होत्या. २८ जानेवारीला उड्डाणाच्या वेळी हवा सुमारे २ अंशांवर होती. ७३ सेकंदांनी यान फुटले. सात माणसे गेली.

त्या निर्णयामागे आणखीही कारणे होती. सारा दोष तक्त्यांवर टाकणे त्या अभियंत्यांवर अन्याय करणारे होईल. पण ज्यांना धोका दिसत होता, त्यांच्या हातात तो दुसऱ्याला दाखवणारे चित्र नव्हते, हेही खरे. म्हणून घरातल्या विद्यार्थ्याने आलेख काढला की त्याला एवढेच विचारा: ‘यात न आलेले बिंदू कुठे आहेत?’ फसलेले प्रयोग वगळले असतील, तर किती आणि का, हे पेपरात लिहिले पाहिजे.

संदर्भांचेही तसेच. या साच्यात संदर्भ चौकोनी कंसातल्या क्रमांकांनी देतात, आणि क्रमांक मजकुरात उल्लेख येईल त्या क्रमाने लागतात. यादीतल्या प्रत्येक क्रमांकाला मजकुरात जागा हवी आणि मजकुरातल्या प्रत्येक क्रमांकाला यादीत. न वाचलेला लेख दुसऱ्याच्या यादीतून उचलू नये. दुसऱ्याचे वाक्य घेतले तर श्रेय द्यावे. स्वतःच्या आधीच्या पेपरातले घेतले तरी तसे सांगावे. साम्य शोधणाऱ्या प्रणाली आज सर्वत्र आहेत. पण त्यांच्या धाकाने पाळलेली सचोटी प्रणाली चुकली की सुटते.

काही परिषदांत लेखक कोण हे परीक्षकाला कळू देत नाहीत. तिथे नाव, महाविद्यालय, आभार सारे काढायचे असते, आणि स्वतःच्या जुन्या कामाचा उल्लेख तिऱ्हाइतासारखा करायचा असतो. फाइलच्या माहितीतही लेखकाचे नाव दडलेले असते, तेही पुसावे लागते. मला हा नियम फार आवडतो. लहान गावातल्या महाविद्यालयाची मुलगी आणि नामांकित संस्थेचा प्राध्यापक त्या सहा पानांत एकाच पंगतीला बसतात. नावे परत येतात तेव्हा मात्र तीच यावीत ज्यांनी काम केले आहे. आदरापोटी किंवा दबावापोटी जोडलेले नाव हा आदर नव्हे.

साधनांविषयी थोडे. बहुतेक जण वर्डमध्ये लिहितात. समीकरणे जास्त असतील तर लेटेकमध्ये. लेटेक ज्यावर उभे आहे, त्या टेक प्रणालीची कथा आपल्या आवडीची आहे. डोनाल्ड कनूथ या संगणकशास्त्रज्ञाकडे १९७७ साली स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे आली. नव्या यंत्रावरची ती अक्षरजुळणी, जुन्या खिळ्यांच्या छपाईपुढे, त्यांना इतकी कुरूप वाटली की ग्रंथ बाजूला ठेवून त्यांनी अक्षरजुळणीची प्रणालीच लिहायला घेतली. त्यात वर्षे गेली. गणिताचे पान वाचनीय दिसणे हे गणिताचेच काम आहे, असे त्यांनी मानले.

विद्यार्थ्यांना माझी सूचना साधी आहे. परिषदेचा साचा पहिल्या दिवशी उतरवून घ्या, त्याच वर्षीचा. आणि मजकूर त्यातच लिहायला लागा. शेवटच्या रात्री ओतायचा म्हटले की आकृत्या उड्या मारतात. आधी आकृत्या आणि तक्ते ठरवा, मग पद्धत आणि निष्कर्ष लिहा, प्रस्तावना त्यानंतर, सारांश सर्वांत शेवटी. अंतिम तारखेच्या तीन दिवस आधी पेपर कागदावर छापून, हातात पेन्सिल घेऊन वाचा. आणि शुल्क भरताच दोन दिवसांत स्वीकृती देणाऱ्या परिषदेपासून दूर राहा. जिथे कोणी वाचतच नाही, तिथे छापून आल्याचा अर्थ काय?

आता आपल्यासाठी, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. पेपर इंग्रजीत असतो म्हणून आपण हात आखडतो. पण मूल विचार बहुधा दोन-तीन भाषांत करते: घरी मराठी, गल्लीत गुजराती, वर्गात इंग्रजी. त्याला म्हणा, ‘तू काय केलंस ते मला मराठीत पाच मिनिटांत सांग.’ तांत्रिक शब्द इंग्रजीच राहू द्या. जिथे ते अडखळेल, हात हलवायला लागेल, ‘ते जाऊ दे, तुला नाही कळणार’ म्हणेल, बहुतेक वेळा तिथेच पेपरातही भोक असते. तो परिच्छेद पुन्हा लिहायला सांगा. मग छापील पानावर आकृत्यांचे क्रमांक सलग आहेत का, यादीतले संदर्भ पुरे आहेत का, हे तुम्ही तपासा. ज्यांनी आयुष्यभर हिशेबाच्या वह्या, पत्रिका आणि प्रुफे तपासली, त्यांना हे काम अवघड नाही.

गज्जरांना कारागिराच्या भाषेत शास्त्र आणायचे होते. आपल्या मुलांना शास्त्राच्या भाषेत आपले काम न्यायचे आहे. वाट उलटी असली तरी अट तीच आहे: समोरच्याला कळले पाहिजे आणि त्याला ते पडताळून पाहता आले पाहिजे. पुढच्या वेळी घरात कोणी टेम्प्लेटवर वैतागले, तर त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसा आणि त्याला पहिला वाचक मिळवून द्या.